काटा पहिल्यापासूनच तसा होता

आमच्या दूध संस्थेच्या चेअरमननी शांतवनला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण माणूस गेल्यावर लिहायच्या लेखाची एक रीत ठरलेली आहे. आधी त्याचे गुण सांगायचे, मग डोळे पुसायचे, आणि ज्याने त्याला जिवंतपणी खाली मान घालायला लावली त्याला सोडून बाकी सगळ्यांचे आभार मानायचे. मला ती रीत पाळायची नाही. चेअरमनचं नाव इथे येणार नाही, वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी ते छापलं नसतं. पण आमच्या पट्ट्यात ज्याच्या दावणीला गाय आहे, त्याला ते सांगायची गरज नाही. आणि चेअरमन स्वतः तर हे वाचणारच. त्यांना स्वतःबद्दल छापून आलेलं वाचायला आवडतं.

शांतवन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसगावच्या बाजारात एका माणसाशी जुन्या पाणबुडी मोटारीवरून हुज्जत घालत होतो. जुन्या मोटारी, डिझेल इंजिनं, पाइप घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे हा माझा धंदा. समोरचा माणूस नरम पडत आला होता. तेवढ्यात शांतवनच्या बायकोचा, सुशीलावहिनींचा फोन. "भाऊजी, या... हे उठंनात." एवढंच. मी मोटार तिथेच टाकून निघालो. तो मागून ओरडत होता, "शेठ, आवो तुमच्याच भावात न्या की!" मी वळून पाहिलं नाही. पोहोचलो तेव्हा शांतवन खाटेवर आडवा होता. आंघोळ झालेली, केस विंचरलेले, एका पायात बूट. दुसरा बूट हातातून निसटून खाली पडला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय.

चेअरमननी त्याला मारलं असं मी म्हणत नाही. शांतवनचं हृदय आधीपासून अधू होतं, आणि गोळ्या घ्यायला तो विसरायचा, हे वहिनींनाही माहीत होतं. खोटा आरोप करून मला जिंकायचं नाही, खोट्या आरोपाने काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. पण तो गेला तेव्हा गावात त्याचं नाव डिझेलचोर असं होतं. आणि ते नाव त्याला चेअरमननी दिलं होतं, ते खोटं आहे हे पूर्ण माहीत असून.

शांतवन आणि मी गावच्या मिशनच्या शाळेत एका बाकावर बसलो. तो ख्रिस्ती आळीतला, मी वरच्या आळीतल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा. सातवीनंतर मी शाळा सोडून बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायला लागलो. तो दहावी झाला, ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि ड्रायव्हर होऊन परत आला. मी धंदा सुरू केला तेव्हा माझा पहिला भाड्याचा टेम्पो त्यानेच चालवला. तो चालवायचा, मी भाव करायचो. उलट कधी केलं नाही, कारण भाव करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. एकदा त्याला ताडपत्री आणायला पाठवलं, तर दुकानदाराने सांगितलेली किंमत देऊन, वर "थँक्यू" म्हणून आला. मी तापलो. म्हटलं, "तुझ्यासारख्या गिऱ्हाइकावर बाजार जगतोय, लेका." तो शांतपणे ताडपत्रीची घडी घालत म्हणाला, "आन तुझ्यासारख्याला बघून बाजार उठतोय."

तो देखणा होता आणि त्याला ते माहीत होतं. वरच्या खिशात कंगवा. गाडीची काच कायम वर, केस विस्कटू नयेत म्हणून. मे महिन्यात मी शेजारी बसून घामाने निथळायचो, आणि हा करंजीच्या घाटात, मागून येणारा प्रत्येक जण पुढे निघून जात असताना, नाताळच्या गाण्यांची चाल बसवत असायचा. चर्चच्या गायनात त्याचा आवाज सगळ्यांच्या खालून यायचा, जाड, भरीव. स्पीकर, ॲम्प्लिफायर, माईक हे चर्चचं सामानही त्याच्याच ताब्यात. गावात कुणाचं लग्न असो, भागवत सप्ताह असो, की दूध संस्थेची वार्षिक सभा, माईक शांतवनचा. कुणी पैसे विचारले की म्हणायचा, "देवाचं सामान हाय, भाडं कसं घिऊ?" मी कपाळावर हात मारायचो. पण हे खरं, की गावात कुठेही माईक घरघरला की सगळ्यांच्या तोंडून एकच हाक निघायची... "शांतवन!"

पुढे त्याला दूध संस्थेच्या पिकअपवर नोकरी लागली. पिकअप तेव्हाच जुनी होती. काम ठरलेलं. संध्याकाळी रिकामे कॅन घेऊन संस्थेच्या गेटातून बाहेर पडायचं, रात्री गाडी घरासमोर लावायची, पहाटे वस्त्यांवरून दूध गोळा करत परत यायचं. चेअरमननी या गाडीसाठी दोन नियम केले होते आणि दोन्हींचा त्यांना अभिमान होता. पहिला नियम, टाकी कधीच फुल्ल करायची नाही. "भरल्या टाकीला रात्री नळी लागती," असं ते म्हणायचे. रोज लागेल तेवढंच ओतायचं, टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवायची. दुसरा नियम, गेटवर काटा बघायचा. संध्याकाळी गाडी बाहेर पडताना आणि सकाळी दूध उतरवून झाल्यावर वॉचमनने डिझेलचा काटा पाहायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं. संध्याकाळी गाडी खडबडीत आवारातून हिंदकळत गेटावर यायची, इंजिन चालू, कॅन खडखडत, आणि वॉचमन काचेतून डोकावून ओरडायचा, "अर्धा!" सकाळी गाडी शेडमध्ये निवांत उभी राहिली, की तो चावी फिरवून बघायचा आणि ओरडायचा, "तळाला!"

संध्याकाळी अर्धा, सकाळी तळाला. आणि मधल्या वेळात गाडी कुठे? शांतवनच्या दारात. झालं. रात्री डिझेल जातंय, असं ठरलं. शांतवनने सांगितलं, "काटा नाचतोय, एकदा बघून घ्या." चेअरमन म्हणाले, "काटा कुनाचा सगासोयरा नसतो."

आता जरा डोकं लावा. रोज ओतायचं किती? थोडंसं, फेरीपुरतं. आणि रोज चोरीला जायचं किती? जवळजवळ अर्धी टाकी! एवढं चोरीला जाऊनही गाडी पहाटे वस्त्या फिरून वेळेवर परत यायची आणि संध्याकाळी काटा पुन्हा अर्ध्यावर. म्हणजे शांतवन ओतल्यापेक्षा जास्त चोरत होता आणि तरी टाकी रिकामी होत नव्हती. असा चमत्कार त्याच्या बायबलात असेल, डिझेलच्या टाकीत होत नाही. पण हा प्रश्न संस्थेत कुणी विचारला नाही. एकानेही टाकीत काठी बुडवून पाहिली नाही. आमच्याकडे शेतकरी इंजिनात डिझेल किती आहे ते काठी घालून बघतो, पोराटोरांनाही ते कळतं. संस्थेत मात्र वॉचमनचं ओरडणं हाच पुरावा झाला.

चेअरमननी त्याला ऑफिसात बोलावलं. दार लावलं, पाणी दिलं. शांतवनने मला नंतर सगळं शब्द न् शब्द सांगितलं. चेअरमन म्हणाले, "शांतवन, तू आपला मानूस. पोलिसात दिलं तर तुझी अब्रू जाईल, आन मलाबी वाईट वाटंल. तब्येतीचं कारन दाखव, राजीनामा दे. ही गोष्ट ह्या खोलीच्या भायेर जानार न्हाई. माझा शब्द." शांतवनने सही केली आणि तिथून सरळ माझ्याकडे आला. मी पाइप मोजत होतो. हातातली टेप फेकून दिली.

"सही केलीस?"

"केली."

"चोरी केली हुतीस?"

"न्हाई."

"मग सही कशाची केलीस, लेका?"

तो खाली पडलेली टेप उचलून गुंडाळायला लागला. मग म्हणाला, "सुशीला तिथं रोज दूध घालती. तिच्या कानावर जायला नको. तो म्हनला, भायेर जानार न्हाई."

"आन तू मान डोलावलीस! भाव तरी करायचास! म्हनायचं, आधी टाकी खोला, मग सही करतो. एवढं तरी म्हनायचं हुतं का न्हाई?"

"मला भाव करता येत न्हाई, तुला ठाव हाय."

त्या दिवशी मी त्याच्यावर इतका ओरडलो की माझी बायको बाहेर आली. आजही त्याचा मला राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. मला येतो. निर्दोष माणसाने अशी सही करायची नसते, कारण तिची किंमत दुसराच कुणीतरी ठरवतो.

पिकअपवर चेअरमनचा भाचा बसला. आणि गेटवर काटा बघायचा नियम गुपचूप बंद झाला. वॉचमन ओरडायचा थांबला. मला तेव्हाच वाटलं होतं, चोर पकडल्यावर कुणी पहारा उठवतं का? पण हातात काही नव्हतं.

मग वार्षिक सभा आली. संस्थेच्या आवारात मांडव, समोर सभासद, मागे जेवणाच्या पातेल्यांचा वास. माईक नेहमीप्रमाणे शांतवनचा. मी त्याला म्हटलं होतं, नको देऊस. तो म्हणाला, "सभा गावाची हाय." सगळे ठराव टाळ्यांनी मंजूर झाले आणि शेवटचा विषय आला, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. एका सभासदाने उठून विचारलं, गाडीच्या डिझेलवर खर्च एवढा का? चेअरमन माईकजवळ आले, हसले आणि म्हणाले, "डिझेल मुरत हुतं. कुठं मुरत हुतं ते तुमाला सगळ्यांना ठाव हाय. मुरायची जागा आता बंद केलीय." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळा मांडव मागे वळला. मागे ॲम्प्लिफायरशेजारी, पांढराशुभ्र शर्ट घालून, शांतवन उभा होता. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. चेअरमनचं ते वाक्य ज्या स्पीकरवरून घुमलं, तोही त्याचाच होता.

त्यानंतर काय झालं ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. सलूनमध्ये गेला की कुणीतरी आरशातून विचारायचं, "काय शांतवन, काटा कुठवर आलाय?" शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर पाहिजे होता, तो गेला, तर म्हणाले, संचालक मंडळ तयार नाही. मग लोकांच्या ट्रॅक्टरवर रोजाने जायला लागला. वहिनी दूध घालायला गेल्या, तर रांगेतल्या एका माणसाने त्यांच्या कॅनचा वास घेतला आणि म्हणाला, "डिझेल न्हाई ना मिसळलं?" वहिनी तशाच वळल्या, दूध घेऊन घरी आल्या. ज्या कानावर जाऊ नये म्हणून त्याने सही केली होती, तिथे ते असं पोहोचलं. शांतवनने मला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज नेहमीपेक्षाही खाली होता. मी म्हटलं, चल, त्या माणसाचे दात पाडू. तो म्हणाला, "देव बघतोय." मी म्हटलं, "बघतोय खरं, पन सभेत उठून बोलत न्हाई."

मग संस्थेने नवी गाडी घेतली आणि जुनी पिकअप लिलावात काढली. मी गेलो. शांतवनसाठी गेलो असं सांगून मोठेपणा घेणार नाही. स्वस्त मिळाली तर घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. लिलावात माझी पद्धत एकच, मालाला नावं ठेवायची. मी गाडीभोवती फिरलो आणि चारचौघांत सुरू केलं. टायर गेले, पत्रा सडला, दाराला दोरी बांधलीय. मग आत बसून चावी फिरवली. "आन हे बघा! डिझेलचा काटा मेलेला. टाकीत डिझेल हाय, काटा म्हनतोय न्हाई. असली आंधळी गाडी कोन घेनार?"

चेअरमनना घाई होती. बोली वर जात नव्हती आणि माझ्या बोलण्याने आणखी पडत होती. ते वैतागून म्हणाले, "काटा पहिल्यापासूनच तसा हाय, शेठ! भाव धरताना ते धरूनच सांगितलाय. आता काट्यावरून पाडून मागू नका."

मी चावी फिरवायचा थांबलो.

धंद्यात हयात घालवल्यावर एक गोष्ट मला कळली आहे. विकणारा माणूस शपथेवर खरं बोलेलच असं नाही, पण भाव पडायला लागला की त्याच्या तोंडून खरं निघतं. मी खाली उतरलो. म्हटलं, "पहिल्यापासून म्हंजे कवापासून, चेअरमनसाहेब? शांतवन चालवत हुता तवाबी?" आजूबाजूच्या चारपाच जणांनी माना वळवल्या. चेअरमननी माझ्याकडे पाहिलं, मग मोबाईलकडे पाहिलं. "घ्यायची आसंल तर बोला," म्हणाले. मी त्यांनी सांगितली त्या किमतीला गाडी घेतली. बघणाऱ्यांना वाटलं, मला ऊन लागलं.

गाडी माझ्या शेडसमोर आणली आणि शांतवनला बोलावलं. तो बराच वेळ लांबच उभा राहिला. मी म्हटलं, "बघतोस काय, तुझ्या नावाचा पंचनामा करायचाय." पहिली चूक माझीच. मला वाटलं, दोष डॅशबोर्डच्या मीटरमध्ये आहे. माझ्याच भंगारातलं एक मीटर काढून बसवलं. काटा तसाच. शांतवन म्हणाला, "आरसा बदलून तोंड बदलतंय व्हय?" बऱ्याच दिवसांनी त्याने मला टोमणा मारला होता, म्हणून मला बरंच वाटलं. मग तिसगावचा बाबूभाई इलेक्ट्रिशियन आला. तो म्हणाला, जुन्या गाडीची निम्मी दुखणी अर्थिंगची असतात. टाकीपासून चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाणारी वायर गंजली होती, ती त्याने घासली, नवीन लावली. दिवसभर बरं वाटलं, संध्याकाळी पुन्हा तेच. तेव्हा त्याने टाकीवरची वायर उपटली आणि तिचं टोक चॅसिसला टेकवलं. काटा चढत चढत फुल्लवर गेला. वायर सोडली, काटा तळाला आला. बाबूभाई म्हणाला, "मीटर चांगलं, वायर चांगली. रोग पोटात हाय."

पोट म्हणजे टाकी. टाकीत एक तरंगणारा फुगा असतो, फ्लोट म्हणतात. डिझेल वरखाली झालं की फ्लोट वरखाली होतो, त्याची दांडी एका बारीक पट्टीवर घासत फिरते, आणि ती पट्टी काट्याला सांगते, इतकं आहे, इतकं नाही. आम्ही बॅटरी काढली, बाबूभाईची बिडी विझवली, डिझेल पिंपात काढून घेतलं, स्क्रू सोडवले आणि तो फ्लोट बाहेर काढला. पुसून वाळवला, गाडीपासून लांब फळीवर ठेवला. लांब वायर जोडली, बॅटरी परत लावली. शांतवन आत बसला काटा बघायला, मी बाहेर दांडी धरून. मी दांडी वर धरली.

"फुल्ल," आतून आवाज आला.

जरा खाली केली. "पाऊन." आणखी खाली. "अर्धा... अर्ध्याच्या जरा खाली..." आणि मग, "गेला!"

"कुठं गेला?"

"तळाला! पार मेला!"

दांडी केसभर वर केली. "आला. अर्धा." केसभर खाली. "गेला." मी पुन्हा पुन्हा तेच केलं. गेला, आला, गेला... दर वेळी त्याच जागी. बाबूभाईने पट्टी उजेडात धरली. वरचा भाग नवा असल्यासारखा, खालचाही तसाच, आणि मधोमध, अर्ध्याच्या जरा खाली, ती घासून घासून पार तुटली होती. गाडी चालू असताना डिझेल हिंदकळायचं, दांडी तुटलेल्या जागेच्या अलीकडे पलीकडे नाचायची आणि काटा अर्ध्याच्या आसपास दिसायचा. गाडी थांबली की दांडी नेमकी त्या भगदाडावर येऊन बसायची आणि काटा तळाला जायचा. म्हणून संध्याकाळी अर्धा आणि सकाळी तळाला.

आणि पट्टी तिथेच का घासली? कारण टाकी कधी भरलीच नाही. वर्षानुवर्षं दांडी त्याच बोटभर जागेत फिरत राहिली. चोरी होऊ नये म्हणून केलेल्या नियमाने पट्टी तोडली आणि तुटलेल्या पट्टीने चोर शोधून दिला! हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हातातला पाना शेडच्या पत्र्यावर फेकून मारला. शांतवन गाडीतून उतरला नाही. मी जाऊन पाहिलं तर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. म्हणाला, "मलाच वाटायला लागलं हुतं रे... रात्री कोन येतंय का, आपल्याच दारातनं कोन न्हेतंय का. दोन-तीनदा अंगनात झोपलो गाडीजवळ."

मी नवा फ्लोट मागवायला निघालो, तर त्याने अडवलं. "हाच परत बसव. वार्षिक सभेनंतर बदलू. कुनाला बघायचं आसंल तर दिसला पायजे."

जुना फ्लोट परत बसवायच्या आधी तो कापडात गुंडाळून एकटाच चेअरमनच्या घरी गेला. मला नेलं नाही, मी आरडाओरडा करीन म्हणून. चेअरमननी चहा पाजला. फ्लोट हातात घेऊन पाहिला. म्हणाले, "शांतवन, माझी फसगत झाली. येत्या सभेत मी सोता माईकवर सांगतो. तू निर्धास्त ऱ्हा." शांतवन हसत परत आला. मी विचारलं, "साक्षीला कोन हुतं?" तो म्हणाला, "शब्द दिलाय त्यानं." मी म्हटलं, "ह्याच मानसानं मागंबी शब्दच दिला हुता." तो म्हणाला, "ह्या टायमाला डोळ्यात बघून दिला."

ती सभा मी विसरणार नाही. शांतवनने आदल्या दिवशी स्पीकर पुसले. नवा शर्ट शिवून घेतला. वहिनी सभासद म्हणून पुढच्या रांगेत बसल्या, डोक्यावरून पदर घेऊन, ताठ. ठराव झाले, टाळ्या झाल्या. ऐनवेळचे विषय आले. शांतवनने मागून माईकचा आवाज जरा वाढवला. चेअरमन माईकजवळ आले. घड्याळ पाहिलं. म्हणाले, "ऐनवेळचा विषय कायी न्हाई. जेवान तयार हाय, कुनी उपाशी जाऊ नका. सभा संपली." मी उठून ओरडलो, "चेअरमन, थांबा!" पण तोवर खुर्च्या सरकल्या होत्या आणि लोक बुंदीकडे निघाले होते. खुर्च्यांच्या आवाजात माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही, किंवा कुणाला ऐकायचा नव्हता. वहिनी बसूनच राहिल्या. मांडव रिकामा झाला आणि शांतवन माईकची वायर कोपरावर गुंडाळत राहिला, वेढ्यावर वेढा. मी शेजारी जाऊन शिव्या घालत होतो. तो म्हणाला, "पुढच्या सभेला सांगल." मी म्हटलं, "आन न्हाई सांगितलं तर?" त्याने गुंडाळलेली वायर खांद्यावर टाकली आणि तो स्पीकर उतरवायला गेला.

पुढची सभा त्याला मिळाली नाही.

त्याच्या स्मरणार्थ चर्चमध्ये प्रार्थना झाली तेव्हा चेअरमन आले. पांढरी टोपी, हार. पाळकांनी दोन शब्द बोलायला सांगितले, तर ते पुढे जाऊन म्हणाले, "शांतवनसारखा प्रामाणिक मानूस होणे नाही." मी शेवटच्या बाकावर होतो, उठलो. वहिनींनी मागे वळून नुसती मान हलवली, म्हणून खाली बसलो. पण तिथेच मी ठरवलं. प्रामाणिक हा शब्द त्यांनी कुठे उच्चारला, बघा. चर्चमध्ये, जिथे शांतवनला चोर म्हणणारं कुणी नव्हतं. तिथे तो शब्द बोलायची त्यांना काहीच किंमत पडली नाही. ज्या मांडवात लोक हसले होते, त्या मांडवात तो बोलायला त्यांची खुर्ची हलली असती, भाच्याचं नाव निघालं असतं, म्हणून तिथे बुंदी वाढली.

वहिनींनी संस्थेत दूध घालणं थांबवलेलं नाही. रोज सकाळी त्याच रांगेत उभ्या राहतात. मी म्हटलं, दुसऱ्या डेअरीला घाला, मी सोय करतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी रांग सोडली तर लोक म्हनतील, खरंच हुतं. मी काय म्हनून जाऊ?" त्यांना पैसे नकोत, सहानुभूती नको, सत्कार नको. नवऱ्याचं नाव जिथे घालवलं, तिथेच परत पाहिजे. बाकी कुठेही मिळालेलं त्या घेणार नाहीत, आणि मीही घेऊ देणार नाही.

वार्षिक सभेची नोटीस येत्या काही दिवसांत फळ्यावर लागेल. मी सभासद आहे, वहिनी सभासद आहेत. या वेळी खुर्च्या सरकायच्या आत मी पुढे येऊन उभा राहणार आहे आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक सभासदाला सांगतो, जेवायला उठण्याआधी जरा बसा. प्रश्न आत्ताच छापून देतोय, म्हणजे ऐनवेळी आला अशी सबब राहणार नाही. चेअरमनसाहेब, लिलावात चारचौघांत तुम्ही म्हणालात, काटा पहिल्यापासूनच तसा होता. काटा पहिल्यापासून तसा होता, तर माझा मित्र चोर केव्हापासून झाला? वहिनींकडे तोंड करून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, याचं उत्तर द्या.